पनवेलला उतरवलेलं पाणी

सिन्नरहून निघालो तेव्हा नुकतं उजाडत होतं. पुढे जीप, मागे दादाचा ट्रेलर, आणि प्रत्येक गतिरोधकावर ट्रेलरच्या पोटाखालून येणारा पाणी हिंदकळल्याचा आवाज. माझ्या शेजारी वहिनी बसल्या होत्या. तो आवाज आला की त्या मान किंचित मागे वळवत आणि पुन्हा समोर बघत.

दादा माझा थोरला भाऊ. सगळं आयुष्य त्याने कारखान्यात फिटर म्हणून काढलं. निवृत्त झाल्यावर मोडीत निघालेल्या एका टेम्पोची चासी त्याने विकत आणली आणि अंगणात तिच्यावर एक खोली उभी करायला घेतली. दोन माणसांना झोपता येईल, एक ओटा, एक बेसिन, एक खिडकी आणि खाली, तळाच्या पत्र्याला आडवी टांगलेली निळी पाण्याची टाकी. कुणी नावं ठेवायचं, कुणी हसायचं. वहिनी त्याला ‘अंगणातली खोली’ म्हणायच्या. त्या खोलीतून दोघांनी समुद्रावर जायचं, श्रीवर्धनच्या बाजूला, असं ठरलं होतं. निघण्याच्या आदल्या आठवड्यात दादाने घरच्या विहिरीचं पाणी शेंदून टाकी भरली, आणि दोन रात्रींनी झोपेतच गेला.

त्याला अजून महिना झाला नव्हता. नातेवाइकांना हे निघणं पटलं नव्हतं. वहिनींनी मला बोलावून घेतलं आणि सरळ सांगितलं, “भाऊजी, त्यांच्या अस्थी तुम्ही पुरुषांनी गोदावरीवर नेऊन सोडल्या. टाकीतलं पाणी त्यांनी स्वतःच्या हातांनी भरलंय. ते मला माझ्या हातांनी समुद्रात सोडायचंय. नेणार का?”

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. दादाची जीप मला जेमतेम हाकता येते, ट्रेलर जोडल्यावर तर मागे घेताच येत नाही. तरी हो म्हणालो.

इगतपुरीला चहा घेतला, कसारा घाट हळूहळू उतरलो. वाटेत ट्रेलरकडे पाहून प्रत्येकाला काहीतरी वेगळंच वाटत होतं. घाटाखाली एका पोराने वडापाव आहे का विचारलं. टोलनाक्यावरच्या माणसाने विचारलं, “कुठल्या पार्टीचा प्रचार?” वहिनी खिडकीतून म्हणाल्या, “आमचाच.” तो हसला. त्याही हसतील असं मला क्षणभर वाटलं होतं.

शिळफाट्यावरून तळोज्याच्या रस्त्याला लागलो आणि न दिसलेल्या एका गतिरोधकावर ट्रेलर जोरात आपटला. पाण्याच्या आवाजाऐवजी खरखर ऐकू येऊ लागली. एक मोटरसायकलवाला शेजारी येऊन ओरडला, “ओ काका, मागचं काय तरी लटकतंय! रोड खरवडत चाललाय तुमचा!”

थांबून बघितलं. टाकी धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या एका बाजूने पत्र्यापासून सुटल्या होत्या. टाकीचं ते टोक रस्त्याला टेकलं होतं. नळाकडे जाणाऱ्या पाइपचा कोपरा (वळणाचा जोड) तडकला होता आणि त्यातून पाण्याची बारीक धार लागली होती. वहिनी गाडीतून उतरल्या, आत जाऊन पातेलं घेऊन आल्या आणि धारेखाली धरून रस्त्याकडेला उकिडव्या बसल्या. अवजड गाड्या त्यांच्या पाठीला वारा घालत जात होत्या. मी कपडे वाळत घालायच्या दोरीने टाकी कशीबशी वर आवळली, धारेवर फडकं गुंडाळलं, आणि बैलगाडीच्या चालीने आम्ही पनवेलच्या दिशेने निघालो.

करंजाडेच्या अलीकडे, उंच इमारतींच्या आणि जुन्या गावठाणाच्या मधल्या पट्ट्यात, एक पत्र्याचं फॅब्रिकेशनचं दुकान दिसलं. बाहेर खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे, कुणाच्या तरी गच्चीची शेड उभी करून ठेवलेली. मालक बाळाराम. पन्नाशीचा, पोट सुटलेला, बोलायला मोकळा. ट्रेलरभोवती एक फेरी मारून तो म्हणाला, “कुठून आयला तुमी ही डबी घेऊन? नाशकाकडून? मास्तर काय तुमी?”

“ग्रंथपाल होतो. लायब्ररीत.”

“म्हंजे मास्तरच.” मग तो उताणा झोपून ट्रेलरखाली सरकला आणि तिथूनच त्याचं बोलणं चालू राहिलं. “अवो मास्तर, ह्याला नुसते टाके मारलेत! दोन-दोन ठिपके. आन ते पण पत्र्याला. एवढ्या पाण्याचं वजन पत्रा धरील का? चासीला पुरी वेल्डिंग पायजे. केली कुणी ही?”

“माझ्या भावाने. यांच्या मालकांनी.”

“मग त्यांना का नाय आणलं? त्यांनाच विचारलं असतं, असं कसं सोडलं म्हणून.”

“गेला तो. महिना होईल आता.”

बाहेर आल्यावर त्याने हात पुसले आणि आवाज खाली आणून म्हणाला, “कारागीर चांगला व्हता. टाके मारून, पाणी भरून बघतात, किती झोल येतो ते. मग पाणी सोडायचं आन पुरी वेल्डिंग मारायची. तेवढं राहून गेलं त्यांचं.”

मी वहिनींकडे बघितलं. म्हणजे टाकी प्रवासासाठी भरलेली नव्हती, नुसती वजनाची परीक्षा होती. वहिनी पातेलं धरून उभ्या होत्या. माझ्याजवळ येऊन हळू म्हणाल्या, “बघायला भरलं असेल. शेंदलं ना त्यांनीच?”

बाळारामने ग्राइंडरची वायर सोडायला घेतली. “ताई, तो नळ खोला. पाणी जाऊ द्या गटारात. टाकी उतरवल्याबिगर ठिणगी नाय मारता येणार, प्लास्टिक हाय.”

“पाणी सांडायचं नाही.”

“अवो पाणीच हाय, दूध नाय.”

“दूध असतं तर सांडलं असतं,” वहिनी म्हणाल्या.

बाळारामने माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. खरं कारण एका वाक्यात सांगता आलं असतं, पण वहिनींनी ते सांगितलं नाही आणि त्यांचं गुपित मी सांगावं असं मला वाटलं नाही. शेवटी त्याने दुकानामागच्या घराकडे तोंड करून हाक मारली, “हिरा! ए हिरा! पावण्यांचं पाणी काढून ठेवायचंय. भांडी घेऊन ये!”

हिराबाई, त्याची बायको, दोन कळश्या घेऊन आली. तिने टाकीकडे पाहिलं, वहिनींकडे पाहिलं आणि लगेच तिला काय ते समजलं. अर्थात चुकीचं. “घाटावरची (सह्याद्रीपलीकडची) माणसं हायत. त्यांच्याकडं पाण्याचे हाल. बरोबर हाय तुमचं, ताई. पाणी टाकू नये.” तिने आळीतल्या बायकांना हाका मारल्या. त्या भागात नळाला एक दिवसाआड पाणी येतं. त्या दिवशी दुपारी यायचं होतं, त्यामुळे सगळ्यांची भांडी रिकामीच होती. हंडे आले, कळश्या आल्या, रंगाच्या बादल्या, तेलाचा एक मोठा डबा आला. नळ सोडून एकेक भांडं भरलं, आणि ज्याचं भांडं त्याने आपल्या दारात सावलीला नेऊन ठेवलं. वहिनी प्रत्येक भांड्यामागे दोन पावलं जात आणि परत येत.

“कशाला घाबरता, ताई?” एक म्हातारी म्हणाली. “आमी काय पिऊन टाकत नाय तुमचं पाणी.”

रिकामी टाकी खाली आली. बाळारामने ग्राइंडरने दादाच्या जुन्या पट्ट्या कापल्या आणि भंगारात भिरकावल्या. त्यांतली एक उचलून घ्यावी असं मला फार वाटलं. तिच्यावर दादाने खडूने बाण काढला होता, कुठली बाजू पुढे ते कळावं म्हणून. पण तेवढ्यात बाळारामने तडकलेला कोपरा माझ्या हातात दिला आणि म्हणाला, “मास्तर, असाच एक बाजारातून घेऊन या, बरोबर मापाचा.” मी रिक्षा बघायला गेलो. परत आलो तोवर भंगाराच्या ढिगावर आणखी लोखंड पडलं होतं आणि ती पट्टी काही दिसली नाही. हे मी वहिनींना अजून सांगितलेलं नाही.

पनवेलचा बाजार मी पूर्वी पाहिला होता तो आठवणीतच राहिला आहे. आता रिक्षा एका इमारतीच्या सावलीतून दुसऱ्या इमारतीच्या सावलीत जाते. खारघर-कामोठ्याच्या क्लासेसच्या जाहिरातींवर हसणारी मुलं, मधेच एखादं कौलारू घर, त्याच्या दारात वाळत टाकलेला जवळा (बारीक सुकी कोळंबी). रिक्षावाला मूळचा इथलाच होता. एका टॉवरकडे बोट दाखवून म्हणाला, “हितं आमचं भातशेत व्हतं. आता सातव्या माळ्यावर माझा भाचा लिफ्ट चालू-बंद करतो.” हार्डवेअरच्या पहिल्या दुकानात कोपरा मिळाला नाही, दुसऱ्यात मिळाला तो सैल निघाला. तिसऱ्या दुकानदाराने माझ्या हातातला तुकडा बघून विचारलं, “साहेब, हा कुठल्या जमान्यातला?” आणि मग आतल्या खणातून तसाच काढून दिला. वडाळे तलावाच्या कठड्यावर मी थोडा वेळ टेकलो. दादा बरोबर असता तर तो पहिल्याच दुकानात काउंटरच्या आत शिरला असता आणि दुकानदाराबरोबर चहा पीत बसला असता. मला अनोळखी माणसाशी बोलायला अजूनही आधी मनात वाक्य जुळवावं लागतं.

परतलो तेव्हा दुपार उलटत होती. नव्या पट्ट्या चासीला पक्क्या बसल्या होत्या आणि बाळाराम त्यांच्यावर लोंबकळून मला ताकद दाखवत होता. “माझं वजन धरलं म्हंजे टाकीचं काय! आता जेवून घ्या. ताई मासे खात नाय बोलल्या, म्हणून घरात वरण केलंय. माझ्या घरात सोमवार सोडून वरण, इतिहास हाय हा.”

आत स्वयंपाकघरात तांदळाच्या भाकऱ्यांची चवड रचलेली होती. हिराबाई कुकरचं झाकण हातात धरून त्रासलेल्या चेहऱ्याने उभी होती. वहिनी पाटावर बसल्या होत्या.

“किती शिट्ट्या दिल्या, मोजायच्या सोडल्या मी,” हिराबाई म्हणाली. “डाळ काय शिजत नाय. बघा, दाताखाली टचटच लागते. वाण्याला सोडणार नाय मी उद्या.”

वहिनींनी डावभर डाळ ताटलीत घेतली, बोटांनी एक दाणा दाबला आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

“पाणी कुठलं घातलंत?”

“त्या कळशीतलं. नळ यायचा व्हता ना तवा.”

वहिनींनी डोळे मिटले. मग त्यांच्या खांद्यांना हलताना पाहून मला वाटलं, रडताहेत. त्या हसत होत्या. “अहो, वाण्याला काही बोलू नका. आमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजतच नाही. लग्न होऊन आले त्या दिवसापासून मी त्या पाण्याशी भांडतेय. हे म्हणायचे, पाणी चांगलंय, तुझा हातच घाईचा. शेवटपर्यंत कबूल केलं नाही त्यांनी.” आणि हसता हसताच सांगून गेल्या, “त्यांनीच भरून ठेवलं होतं हे. जायच्या आधी. समुद्रात सोडायला नेतेय मी.”

हिराबाईच्या हातातलं झाकण खाली आलं. “अगो बाय! आन मना कोण नाय बोललं?” ती दाराकडे धावली, तिच्यामागे आम्ही.

बाहेर ट्रेलरच्या कडेला सगळी भांडी ओळीने आणून ठेवली होती. हंडे, कळश्या, बादल्या, डबा. एकूण एक काठोकाठ भरलेलं, वर पानांचं किंवा ताटाचं झाकण. नळाला पाणी आलं होतं. त्याआधी कुणी त्यातलं चहाला घेतलं होतं, कुणी हात-पाय धुवायला, कुणी तान्ह्या पोराला अंघोळ घालायला. आणि नळ आल्याबरोबर प्रत्येकीने आपापलं भांडं पुन्हा भरून, धुऊन-पुसून आणून ठेवलं होतं.

“पावण्याचं भांडं उणं कसं द्यायचं, ताई?” मघाची ती म्हातारी अभिमानाने म्हणाली. “तांब्यानं घेतलं, हंड्यानं भरलं. मोजून घ्या.”

हिराबाई तिला गप्प राहायची खूण करत होती. म्हातारीला कळेना. वहिनी ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या. एका हंड्यावरचं ताट उचलून त्यांनी आत बघितलं, दुसऱ्यावरचं उचललं. पाण्यात बघून काय कळणार? ताट परत ठेवून त्या ट्रेलरमध्ये गेल्या आणि दार लावून घेतलं.

आम्ही सगळे बाहेर उभे. बाळाराम हलकेच मला म्हणाला, “मास्तर, तुमी तरी बोलायचं व्हतं. आमी जिवापाड जपलं असतं.” त्याचं म्हणणं खरं होतं. हिराबाई दाराशी जाऊन पायरीवर बसली. मग दाराला म्हणाली, “ताई, तुमी बोलाल तसं करू. टाकीत ओतू, नायतर नको ओतू. पण उपाशी नका जाऊ.”

थोड्या वेळाने दार उघडलं. वहिनींचे डोळे लाल होते. “ओता,” त्या म्हणाल्या. “कुणी चांगल्या मनाने भरलेलं टाकून कसं द्यायचं?” मग घरात जाऊन पाटावर बसल्या आणि ती टचटच लागणारी डाळ भाकरीशी खाल्ली. वाढून घेतली, परत वाढून घेतली. हिराबाई म्हणत होती, नका खाऊ, पोटात दुखेल. वहिनी मान खाली घालून चावत राहिल्या.

निघताना बाळाराम चाकांपर्यंत वाकून पुन्हा सगळं तपासून आला. हिराबाईने वहिनींना कुंकू लावण्यासाठी हात पुढे केला आणि अर्ध्यावर मागे घेतला. वहिनींनी तो हात धरून गालाला लावला.

पळस्प्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागलो. पेण, वडखळ, माणगाव. नव्या पट्ट्यांनी खड्ड्यांना दाद दिली नाही. रात्री माणगावला मुक्काम केला आणि सकाळी समुद्रावर पोचलो. श्रीवर्धनच्या अलीकडचं लहानसं गाव, सुरूचं बन, पलीकडे वाळू. ट्रेलर बनाच्या कडेपर्यंतच नेता आला, पुढे चाकं रुतली असती. ओहोटी होती. पाणी इतकं लांब गेलं होतं की त्याचा आवाजही येत नव्हता.

वहिनींनी वाकून नळ सोडला. पाणी वाळूवर पडलं, एक बोटभर रुंद वाट करत थोडं पुढे गेलं आणि जिरलं. मागून आलेलं आणखी हातभर पुढे जाऊन जिरलं. समुद्रापर्यंत ते पोचणार नव्हतं. मी आतून बादली आणली. “भरून नेऊ या का, वहिनी? मी धरतो.”

“राहू दे.” त्या वाळूत बसल्या होत्या, धारेपासून थोड्या अंतरावर. “यातलं त्यांचं कोणतं ते मला कुठे माहीत आहे? जाईल तिथवर जाऊ दे.”

टाकी रिकामी व्हायला वेळ लागला. धार बारीक होत आली तशी त्यांनी हात पुढे करून ओंजळ भरली, तिच्याकडे बघितलं आणि बोटं सैल सोडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “एक तांब्या बाजूला काढून ठेवायला हवा होता. निघतानाच, घरी. एवढंसं. सुचलंच नाही.”

मलाही सुचलं नव्हतं. इतकी पुस्तकं वाचलेला माणूस मी, टाकीजवळ दिवसभर उभा होतो, आजूबाजूला दहा प्रकारची भांडी होती. एका तांब्यावर फडकं बांधून जीपमध्ये ठेवायला काय लागलं असतं? प्रवासात अनेक गोष्टी राहून जातात, पाहायच्या, खायच्या, त्यांचं मला कधी फार वाईट वाटलेलं नाही. हे मात्र राहतं आहे.

आम्ही दुसऱ्याच दिवशी परत फिरलो. कसारा घाट चढून घोटीच्या पुढे आलो. दोन्हीकडे भात पिकून वाकलं होतं. तिथे त्या एकदम म्हणाल्या, “गोदावरीवर निघताना मला कुणी विचारलं नाही, येणार का म्हणून.”

मी जीपचा वेग कमी केला.

“विचारलं असतंत तर मी नाहीच म्हणाले असते. माझ्याच्याने पाहवलं नसतं.” त्या बाहेर भाताकडे बघत होत्या. “पण विचारायचं, भाऊजी.”

तेव्हापासून मी ते दिवस आठवतो आहे. घर माणसांनी भरलेलं होतं आणि प्रत्येकजण वहिनींनाच काही ना काही विचारत होता. चहाची पातेली कुठे आहेत, नारळ किती आणायचे, फोटो कोणता लावायचा, गच्चीची किल्ली कुणाकडे. मीही विचारलं होतं, दादाचं धोतर कोणत्या कपाटात आहे म्हणून. त्यांनी उठून काढून दिलं होतं. ते घेऊन मी बाहेर आलो, गाडी सुरूच होती, आणि आम्ही सगळे पुरुष तिच्यात बसून निघून गेलो.